बहिणी-बहिणींची जोडी आणि कोकणातली लोकगीतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुगडीच्या स्पर्धेत किंवा गावच्या पूजेत दोन बहिणी मिळून गातात, कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढतं, तो वाडीच्या ग्रुपवरून मुंबईच्या ग्रुपवर जातो आणि आठवडाभरात आईचा नाहीतर धाकटीचा फोन येतो : "पुढे काय करूया?" मी पेटीवर बसणारा माणूस. अशा जोड्यांच्या मागे बसून बरीच वर्षं भाते मारले आहेत. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे वळून येतात. उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण त्या जागी खरंच अडतं.

आमचे दोघींचे आवाज अजिबात सारखे नाहीत. जोडी जमेल का?

जमेल, आणि बरी जमेल. सारख्या आवाजाचा हट्ट ऑर्केस्ट्रातून आला. आपल्या गाण्यात दोघींची कामंच वेगळी असतात. जातं आठवा. दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचा हात, एकीने ओवी टाकायची आणि दुसरीने उचलायची. रायगडात आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवला (लग्नविधीचं गाणं) म्हणते आणि सोबतच्या बाया तो मागून घेतात. शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन पार्ट्यांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यात, शाहीर पद टाकतो, झीलकरी झील धरतात, म्हणजे मागून ओळ उचलतात. सगळीकडे एक म्हणणारी आणि एक झेलणारी. एकीचा आवाज टोकदार असेल आणि दुसरीचा भरीव, तर ऐकणाऱ्याला कोण कुठे आहे ते डोळे मिटून कळतं. दोघींचा गळा एकच असेल तर लोक म्हणतात, छान गातात, पण दोघी कशाला?

पट्टी कोणाची धरायची?

जी अंतऱ्यात वर जाते तिची. मुलींच्या जोड्या साधारण पेटीच्या काळी चार ते काळी पाच या पट्ट्यांच्या दरम्यान बसतात, पण यावर माझा शब्द घेऊ नका, गाऊन बघा. एक चूक नेहमी होते. घरी बसून, सकाळच्या आवाजात पट्टी ठरवतात आणि कार्यक्रम रात्री, उभ्याने, जेवणानंतर असतो. रात्रीच ठरवा.

दोघींत फारच फरक असेल तर गाण्यागणिक पट्टी बदलायला हरकत नाही, पण ढोलकीवाल्याला आधी सांगा. त्याला त्या सुराची दुसरी ढोलकी आणावी लागते. ऐनवेळी "काका, जरा उतरवा" म्हटलं की तो पुढच्या वेळेपासून तारखेला मोकळा नसतो.

पुढे कोण उभी राहणार, मागे कोण?

खरं भांडण इथेच असतं. फोनवर कुणी ते थेट विचारत नाही. "तिचा रियाज कमी पडतो", "ताईला माईक सोडवत नाही", अशा वाटेने येतं.

घरातली रीत अशी की थोरली म्हणणार, धाकटी झील धरणार. पहिली दोन-तीन वर्षं ते चालतं, कारण थोरलीला गाणी जास्त पाठ असतात. मग धाकटी विशीत येते, तिचा गळा सुटतो, आणि तरीही निवेदक तिचं नाव दुसरंच घेतो. लोक तिला "त्यांची बहीण" म्हणतात. पैसे थोरलीच्या फोनवर येतात. मी पाहिलेल्या बहुतेक जोड्या गळा बसला म्हणून किंवा काम नाही म्हणून मोडल्या नाहीत, इथे मोडल्या.

म्हणून सुरुवातीलाच गाण्यांची वाटणी करा, वयाची करू नका. वीस गाण्यांची वही असेल तर प्रत्येक गाण्यासमोर लिहा, म्हणणारी कोण आणि झेलणारी कोण. गवळण धाकटीला शोभत असेल तर ती तिची, आणि त्या वेळी थोरलीने मनापासून झील धरायची. झील धरणं हे खालचं काम नाही हे ज्या दिवशी थोरली स्वतः करून बघते त्या दिवशी तिला कळतं. श्वास कुठे घ्यायचा हे समोरचीवर अवलंबून, शब्दाचं टोक तिच्या आधी सोडायचं नाही, आणि ती चुकली तर आपण चुकल्यासारखं दाखवून सावरायचं. ही वही दर गणपतीनंतर पुन्हा उघडा आणि वाटणी पुन्हा करा.

कोकणची गाणी म्हणजे नेमकी कोणती? आम्ही सगळी शिकावी का?

सगळी नको. कोकण एक नाही. पालघरपासून दोडामार्गपर्यंत दर दोन खाड्यांनंतर गाणं बदलतं.

उत्तरेला वारल्यांच्या लग्नात देवचौकासमोर (भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चौकासमोर) धवलेरी गाणं म्हणते. बाई लग्न लावते, ही तिथली रीत. तारप्याचा नाच वेगळा. खाली रायगडात, अलिबाग-उरण पट्ट्यात धवले, हळदीची गाणी आणि कोळीगीतं. रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर, चिपळूण, गुहागर, लांजा, राजापूर अशा तालुक्यांत नमन-खेळे आणि गणपतीतली जाखडी, म्हणजे शक्ती-तुरा. नमनात मृदंग आणि टाळ, गण, गवळण, संकासुराचं सोंग, मग वग (कथेचं नाट्य). सिंधुदुर्गात फुगडी, भजनाची डबलबारी (दोन बुवांचा सामना), दशावतार, शिमग्यातलं रोंबाट (वाजतगाजत निघणारी मिरवणूक). दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला गोव्यासारखे पौषातले धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ. आणि जात्यावरची ओवी सगळीकडे, फक्त चाल वेगळी.

ज्या मुली रायगडच्या हळदीचं, मालवणी फुगडीचं आणि संगमेश्वरी गवळणीचं सगळंच दोन तासांत म्हणतात, त्या स्नेहसंमेलनाला बऱ्या वाटतात. पण त्यांचं नाव राहत नाही. तुमच्या आजीच्या आणि आजोळच्या गावापासून सुरुवात करा. दोन बहिणींना एक जमेची बाजू आपोआप मिळते, आजी दोघींची एकच असते. एकीने विचारावं आणि दुसरीने फोनवर रेकॉर्ड करावं. म्हाताऱ्या बायका नुसत्या "गाणं म्हणा" म्हटल्यावर म्हणत नाहीत. हातात काम द्या, तांदूळ निवडायला बसवा, मग येतं. अर्धी ओवी विसरली तर चुलतआजीला बोलवा. दोघींचं शब्दांवरून वाजलं की तिसरी चालही बाहेर पडते.

हे काम किती मोठं होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे हेमा राईरकर आणि गी प्वातवें यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा केलेला प्रकल्प. लाखाहून अधिक ओव्या महाराष्ट्रभरच्या गावांतून जमल्या आणि आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. तिथे बायकांची नावं, गावं ओवीबरोबर नोंदलेली आहेत. तुमच्या वहीतही तसंच लिहा : कोणाकडून, कुठल्या वाडीत, कधी.

ऐकलेलं सगळं स्टेजवर आणलं तर चालतं?

नाही. धालो मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, होतात. तो मांड देवाचा, तिथे बायका अनवाणी समोरासमोर रांगा धरतात. त्यातली काही गाणी मांडाबाहेर म्हणायची नाहीत असं गावच्या बायका सांगतात, तर विषय संपला. काही खेळाची, थट्टेची असतात, ती त्या खुशीने देतील. विचारून घ्या, आणि विचारायला रिकाम्या हाताने जाऊ नका. नारळ, सुपारी, पान, एवढं पुरतं.

गाऱ्हाण्याचंही, म्हणजे देवापुढे घालायच्या साकड्याचंही, तसंच. विनोदासाठी गाऱ्हाणं घालून हशा मिळवणारे बरेच झाले. गाणाऱ्या मुलींनी त्या रांगेत उभं राहू नये असं मला वाटतं. कुणाला पटणार नाही, ठीक आहे.

दुसऱ्या समाजाचं गाणं घेताना ते कोणाचं आहे हे निवेदनात सांगा. जाखडी मुख्यतः कुणबी समाजाने जपली, धवला आगरी-कोळ्यांनी. "कोकणातलं एक पारंपरिक गीत" एवढ्यावर भागवलं की समोर बसलेल्या ज्यांच्या घरातलं ते आहे त्यांना टोचतं.

बोलीचं काय? आम्ही शाळेत प्रमाण मराठीतच वाढलो.

आजीची रेकॉर्डिंग लावून शब्द तसेच घ्या. अर्धवट मालवणी फार लवकर कळते. "माका", "तुका" घातलं आणि क्रियापद पुण्याचं ठेवलं की मालवणातली म्हातारी पहिल्या रांगेत हसते. जमत नसेल तर तुम्हाला येतं त्याच बोलीत गा.

ही गाणी पारंपरिकच आहेत ना? मग परवानगी कसली?

जे खरोखर पारंपरिक आहे, ज्याचा कर्ता माहीत नाही, त्यावर कोणाची मालकी नाही. घोळ असा की आपण ज्यांना पारंपरिक समजतो त्यातली कित्येक नाहीत. 'मी डोलकर डोलकर' हे कोळीवाड्यातून आलं असं अनेकांना वाटतं. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. भारतात शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. शांताबाई २००२ साली गेल्या, म्हणजे २०६२ अखेरपर्यंत. 'गोमू संगतीनं'ही असंच, ते १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातलं. शब्द सुधीर मोघे यांचे. नाव गोमू असलं म्हणून शिमग्याच्या खेळातलं होत नाही.

गावच्या धार्मिक समारंभात किंवा लग्नविधीत म्हणण्याला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून कार्यक्रम असेल तर परवाना आयोजकाने घ्यायचा, पण तो घेतला का हे तुम्ही विचारा. आणि असं गाणं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून टाकायचं असेल तर हक्कदाराची परवानगी लागते.

उलट बाजूही माहीत असू द्या. गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क असतो. तुम्ही स्टेजवर गायलात त्या सादरीकरणावर पुढच्या वर्षारंभापासून ५० वर्षं तुमचा हक्क. त्यामुळे कोणी "आमच्या चॅनलसाठी जरा चार गाणी रेकॉर्ड करून द्या" म्हणालं तर कागद वाचल्याशिवाय सही नको. कागदावर दोघींची नावं हवीत, एकीचं नव्हे.

शाहिरांची पदं घेऊ का?

विचारून. पदाच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं आणि गुरूचं नाव गुंफतो. वेळ वाचवायला ते कडवं गाळणाऱ्या जोड्या मी ऐकल्या आहेत. तेवढं करू नका, हवं तर मधलं एक गाळा.

शक्ती-तुऱ्याच्या बारीत (सामन्यात) मुलींना घेतात का?

आता घेतात. महिला शाहीर उभ्या राहतात आणि सामना रंगतो. पण ते निव्वळ गाणं नाही, सवाल-जवाब आहे. पुराणातली कथा तोंडपाठ लागते, हजरजबाबीपणा लागतो आणि समोरच्या पार्टीची टोचणी हसत घ्यावी लागते. दोन बहिणी एकाच बाजूला असतील तर फार छान जमतं, एक गाताना दुसरी जवाब जुळवते. शक्तीच्या गुरूकडे शिकायचं की तुऱ्याच्या, हे मात्र आधी ठरवा. दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही.

वाद्यं किती हवीत?

ढोलकी, पेटी, झांज किंवा टाळ. इतकं पुरतं. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आणले की मानधनातले तीन-चार वाटे तिकडे जातात आणि ओवी त्यात बुडते. हळदीच्या रात्री मात्र नाईलाज असतो, तिथे लोकांना नाचायचं असतं.

घुमटाबद्दल हल्ली बरेच जण विचारतात, कारण गोव्याने २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मातीच्या मडक्यावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे जुनं कातडं असलेलं घुमट कोणी विकायला आणलं तर हात लावू नका. बकऱ्याच्या कातड्याचं मिळतं. नाद थोडा वेगळा, पण सरावाने कान बसतो. आरतीच्या गाण्यांना घुमट सुरेख लागतं. फुगडीला घेऊ नका. फुगडीत पाय आणि टाळ्याच वाद्य असतात.

पावसाळ्यात ढोलकी ओलीने उतरते, हे माहीत असूनही दर श्रावणात कोणीतरी माझ्यासमोर डोकं धरून बसतंच.

वर्षभर काम मिळतं का?

नाही. जून-जुलै जवळजवळ रिकामेच. श्रावणात थोडं हालतं, मग गणपती-गौरीत इतकं येतं की एका रात्री दोन ठिकाणी बोलावणं असतं. नवरात्र, कोजागिरी बरी. कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेनंतर लगेच, पुढे आंगणेवाडी, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. जत्रेची रात्र मात्र दशावताराची असते, तिथे तुमच्या गाण्याला जागा कमी. आदल्या-नंतरच्या दिवसांत विचारा. पौष-माघात हळदीकुंकवाचे कार्यक्रम, हे बहिणींच्या जोडीला फार मानवतात. फाल्गुनात शिमगा. एप्रिल-मे लग्नं, हळदी, आणि चाकरमानी गावाला आले की सत्यनारायणाच्या पूजा.

मुंबईत गिरणगावातली प्रेक्षागृहं कोकणी मंडळांनी वर्षानुवर्षं भरवली. परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं तेव्हा नमन आणि शक्ती-तुऱ्याच्या पार्ट्यांना जागेसाठी वणवण झाली. तरी मुंबई, ठाणे, विरार, डोंबिवली इथल्या गाववाल्यांच्या मंडळांकडूनच पावसाळ्यातलं काम येतं, हे आजही खरं.

बहिणींच्या जोडीची खास अडचण गौरीत येते. हंगाम ऐन भरात आणि दोघीही माहेरवाशिणी. त्यात एखादीचं नुकतं लग्न झालेलं असेल आणि त्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या तर तिचा पहिला ओवसा (नव्या सुनेने गौरीला सूप वाहण्याचा विधी) असतो. सासरची माणसं घेतलेली सुपारी, दिलेली तारीख वगैरे ऐकून घेत नाहीत, आणि का ऐकावी? पंचांग आधी बघा, तो दिवस कोरा ठेवा आणि मगच बाकीच्या तारखा द्या.

पैशांची वाटणी कशी करायची?

समजा २४,००० रुपये ठरले. गाडी-डिझेलचे ४,०००, ढोलकी, पेटी आणि झांजवाल्यांचे मिळून ९,०००, चहापाणी-फुटकळ २,०००. उरले ९,०००. बहुतेक घरांत हे ९,००० आईच्या डब्यात जातात आणि "तुमच्याच लग्नाला लागणार आहेत" असं सांगितलं जातं. लहान मुलींच्या बाबतीत ठीक. अठरानंतर प्रत्येकीचं बँक खातं वेगळं हवं. माझा सल्ला : ३,००० हिचे, ३,००० तिचे आणि ३,००० जोडीच्या खात्यात. त्यातून नऊवारी, ढोलकीची पुडी, माईक, आजारपणात रद्द झालेल्या तारखेची परतफेड. वादकांचे पैसे त्याच रात्री द्या, स्वतःचे उद्या घेतलेत तरी चालेल.

थोरलीला चार रुपये जास्त मिळावेत का, हा प्रश्न येतो. गाण्याचे नाहीत. पण तारखा घेणं, फोन, हिशोब ती करत असेल तर त्या कामाचा वेगळा मोबदला ठरवा आणि त्याला नाव द्या. नाव नसलेले जास्तीचे पैसे पुढे विष होतात.

तारीख पक्की करताना आगाऊ रक्कम घ्या आणि मेसेजवर लिहून घ्या. कंपनी किंवा मोठी संस्था पैसे देणार असेल आणि वर्षाचा आकडा ५०,००० च्या पुढे गेला तर त्या १० टक्के टीडीएस कापतात (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, आधी ३०,००० होती). विवरणपत्र भरलं की जास्तीचे परत मिळतात. दोघींचं पॅन वेगळं द्या, नाहीतर सगळं उत्पन्न एकीच्या नावावर दिसतं. जीएसटीची भीती घालणारे भेटतील. लोककलेच्या सादरीकरणासाठी कलाकाराला एका कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंत मिळत असतील तर त्यावर जीएसटी नाही.

लग्न झाल्यावर जोडीचं काय?

याचं उत्तर मुलींपेक्षा सोयरिकीच्या बैठकीत ठरतं. म्हणून तिथेच बोला. "मुलगी गाते, हौस म्हणून" असं सांगून लग्न ठरवायचं आणि मग गणपतीत तारीख घ्यायची, यातून दोन्ही घरं नाराज होतात. वर्षातल्या इतक्या रात्री ती बाहेर असेल, असं आकड्यात सांगा. जे नको म्हणतील ते तिथेच नको म्हणतील.

जोडीचं नाव आडनावावर ठेवू नका. लग्नानंतर दोन आडनावं होतात आणि पोस्टरवर कुठलं छापायचं यावरून रुसवे होतात. गावाचं नाव घ्या किंवा दोघींची पाळण्यातली नावं. सासर एकीचं देवगड आणि दुसरीचं पनवेल असेल तर रियाजाची गाडी रुळावर ठेवायला फोन पुरत नाही. महिन्यात दोन दिवस एका ठिकाणी भेटणं हवंच.

सुतक आलं तर?

एकट्या गायकाच्या घरी सुतक आलं तर बदली मिळते. बहिणींना एकदमच येतं, ही जोडीची उघडी बाजू. लग्न झालेल्या मुलीला माहेरचं सुतक तीन दिवसांचं धरतात, पण आई-वडील गेले असतील तर तीन दिवसांनी गायला कोण उभं राहणार? ओळखीची एक दुसरी जोडी किंवा महिला भजन मंडळ ठरवून ठेवा. तुमच्या अडचणीत त्यांनी जायचं, त्यांच्या अडचणीत तुम्ही. आयोजकालाही हे आधीच सांगून ठेवलं की तो समजून घेतो.

एकीलाच बोलावलं तर जावं का?

जावं. पण दुसरीला आयोजकाकडून नव्हे, तुमच्याकडून कळलं पाहिजे. आणि जोडीच्या वहीतली गाणी तिथे म्हणायची नाहीत, स्वतःची वेगळी म्हणायची. तरी मालवणात स्टेजवरून उतरल्यावर पहिला प्रश्न हाच येतो : "तुमची दुसरी खंय?"

साऊंडवाल्याला काय सांगायचं?

दोन माईक, दोन्ही एकाच जातीचे. एकीला चांगला आणि दुसरीला वायर हलणारा दिला तर झेलणारीच्या हातात नेमका तोच जातो. एको कमी करायला सांगा. गावचे साऊंडवाले प्रेमापोटी इतका एको देतात की ओवीचा पहिला शब्द शेवटच्या शब्दावर येऊन आदळतो. एक स्पीकर तुमच्या दिशेला वळवून घ्या, दुसरीचा आवाज ऐकू आलाच पाहिजे.

रेडिओ, शिष्यवृत्ती, सरकारी मदत?

आकाशवाणीची लोकसंगीताची ऑडिशन वेगळी असते आणि बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. रत्नागिरी, सावंतवाडीच्या बाजूला सिंधुदुर्ग, पलीकडे पणजी, अशी केंद्रं आहेत. पैसा फार नाही, पण "आकाशवाणी कलाकार" एवढं पोस्टरवर आलं की सोयरिकीच्या बैठकीतही वजन पडतं.

१८ ते २५ वयाच्या मुलींसाठी केंद्राची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं, महिना ५,००० रुपये, आणि त्यात लोककला येते. अर्ज प्रत्येकीने स्वतंत्र करायचा, जोडी म्हणून नाही. एकीला मिळाली आणि दुसरीला नाही असं होऊ शकतं. ते बोलून घ्या. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही येतात, त्यांच्या महोत्सवांतून बाहेरच्या राज्यांत जायला मिळतं. शिकायचंच असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. आणि ज्या आजीकडून गाणी घेतलीत ती पन्नाशी ओलांडलेली, खरोखर कलावंत म्हणून वावरलेली असेल तर राज्याच्या ज्येष्ठ कलावंत मानधनाचा अर्ज तिच्यासाठी तुम्ही भरा. मानधन महिना ५,००० आहे. कागदपत्रं जमवायला तिला जमत नाही, तुम्हाला जमतं.

यूट्यूबवर पैसे मिळतात का?

१,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलं की जाहिरातींचा वाटा सुरू होतो. शॉर्ट्सचा हिशोब वेगळा. त्यातून पोट भरत नाही, तारखा मिळतात. अंगणात, साध्या आवाजात म्हटलेली ओवी स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा जास्त फिरते, असा माझा तरी अनुभव आहे. चॅनलचा पासवर्ड दोघींकडे हवा. एकीच्या नवऱ्याकडे नको.

बहिणींच्या जोड्या कुठे टिकल्या आहेत का?

मंगेशकर भगिनींचं उदाहरण सगळे देतात, मूळ मंगेशीचं म्हणून आपल्याला अभिमानही वाटतो. पण ती जोडी नव्हती. लताबाई, आशाबाई, उषाबाई, मीनाबाई, प्रत्येकीची वाट वेगळी होती आणि कधीमधी एकत्र गाणी झाली. स्टेजवरच्या जोडीसाठी दुसरीकडे बघा. बॉम्बे सिस्टर्स म्हणून गाजलेल्या सरोजा आणि ललिता कर्नाटक संगीत दशकानुदशकं एकत्र गायल्या, २०२० मध्ये दोघींना पद्मश्री मिळाली. रंजनी-गायत्री मुंबईत वाढल्या, आधी दोघी व्हायोलिन वाजवायच्या आणि मग गाण्याकडे वळल्या. जालंधरच्या नूरां भगिनी, ज्योती आणि सुलताना, वडिलांकडे शिकल्या. त्यांच्या मैफली बघताना आवाजाकडे थोडं दुर्लक्ष करा आणि नजरेकडे लक्ष द्या. जागा कोण घेणार हे एका क्षणात ठरतं.

नोकरी सोडून पूर्णवेळ करावं का?

दोघींनी एकदम नाही. एकीची पगारी नोकरी असू द्या. तिचीच सुट्टी गणपतीत मिळेल का, एवढं फक्त आधी विचारा.

रात्रीच्या प्रवासाची घरच्यांना भीती वाटते.

रास्त आहे. गाडी आणि ड्रायव्हर आपला, वादकांत दोन घरच्यांना ओळखणारे, आणि कार्यक्रम घाटापलीकडे असेल तर मुक्काम बायका असलेल्या घरात, हे आयोजकाकडून आधी कबूल करून घ्या. पावसात रात्रीचा परतीचा प्रवास मी स्वतः टाळतो, मुलींनी तर टाळावाच.

पहिला कार्यक्रम कुठे करावा?

आपल्याच वाडीत, मे महिन्यातल्या पूजेला. पैसे मागू नका, ढोलकीवाल्याचे मात्र वाडीने द्यावेत. वेळ साडेआठची सांगतात, आरती, तीर्थप्रसाद, भाषणं आटोपेपर्यंत सव्वानऊ होतात, आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहानंतर भोंगा बंद (वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच बारापर्यंत सूट मिळते). म्हणजे हातात पाऊण तास. सहा गाणी धरा : गण एक, गवळण एक, ओव्या, दोन फुगड्या, एक तुमच्या आवडीचं. तीन थोरलीने म्हणावीत, तीन धाकटीने. सरपंचांनी सत्कार मध्येच घेतला तर ओव्या गाळू नका, एक फुगडी गाळा.